तिसरी-चौथीची खोली

बांधआळी, वटारच्या पुढे
६ ऑगस्ट २००१

दादा,

तुला आणि विनिता वहिनीला नमस्कार, संकेतला आशीर्वाद. रिवाज पाळून झाला, आता भांडते.

फोन केला की तू ठेवून देतोस. नाक्यावरच्या पीसीओवाल्यालासुद्धा आता माझी कीव येते. मी रिसीव्हर उचलला की तो म्हणतो, "ताई, आधी नाव सांगू नका." म्हणून पत्र. तू विरारला, मी इथे, एका एस.टी.चं अंतर, आणि भावाला लिहायला मी पोस्टाचं तिकीट चिकटवते. बाबा असते तर दोघांना एकाच फोकाने झोडलं असतं. पण पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच तोडता येत नाही. तू वाचलं नाहीस तर वहिनी वाचेल. वहिनी, तुम्हीही ऐका.

आपली शाळा बंद करताहेत.

तीच, बांधाजवळची. दोन खोल्या, मधे एक भिंत, पुढे पडवी. तू आणि मी चौथीपर्यंत शिकलो ती. तालुक्याच्या ऑफिसातून कागद आला, त्यात "बंद" हा शब्द कुठेही नाही. "समायोजन" असा आहे. आपली मुलं खाडीपलीकडच्या शाळेत समायोजित होणार म्हणे. सालोमीबाईंनी पडवीत उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवला. दोन वर्षांपासून त्या एकट्याच चारही वर्ग सांभाळतात. भागूबाईने विचारलं, "बाई, माज्या नातवांची शाला चालू रव्हनार का बंद व्हनार, येवडा सांग." बाई म्हणाल्या, "मी सरकारी नोकर, मला काही बोलता येत नाही." आणि पदराने डोळे पुसले. मग सगळ्यांना कळलं.

कारण दिलंय उपस्थितीचं. पटावर आज पंचवीसच्या वर मुलं आहेत, पण तपासणीच्या दिवशी हजर दोन, असं साहेबांनी लिहिलंय. आणि ते दोन आमच्याच करणीने लिहिले गेले. हसायचं असेल तर हस, आज परवानगी आहे.

जुलैत साहेब तपासणीला येणार असा निरोप होता. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. गावात पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला वेशीवरून हार घालून, वाजतगाजत आणायचं, मग तो नवा जावई असो की तलाठी. एकट्याने शिरू दिला तर गावाचं नाक कापलं जातं. त्या दिवशी आळीतला मोगरा दादरला गेलाच नाही, सगळा हारांत गेला. फेबियनने चर्चच्या फेस्ताला वाजतो तो बँड बोलावला. त्याच्या दोन्ही मुली आपल्या शाळेत आहेत ना, त्याचा उत्साह विचारू नकोस. बाईंसकट सगळी शाळा लेझीम घेऊन वटारच्या नाक्यावर उभी.

साहेब आले सोपाऱ्याहून रिक्षाने, मागच्या बांधावरून. शाळेत कोण, तर पाय प्लॅस्टरमध्ये घातलेला जितेश आणि त्याच्या सोबतीला ठेवलेली क्षितिजा. साहेबांनी मुलं मोजली, माठातलं पाणी प्यायले आणि आले तसे गेले. आम्ही नाक्यावर ऊन डोक्यावर येईपर्यंत हार धरून. पोरं लेझीम उशाशी घेऊन झाडाखाली झोपली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला गेलो. साहेब, मुलं तुमच्याच स्वागताला गेली होती, म्हणून सांगितलं. त्यांनी वर न बघता विचारलं, "शाळेच्या वेळेत मुलं शाळेबाहेर का होती, याचा खुलासा द्या." बोल आता.

आता दुसरी गोष्ट, आणि ती तुझ्याशी. शाळेची जागा आजोबांनी तोंडी दिलेली. शाळा आहे तोवर शाळेची, शाळा उठली की घरची. सातबारा आधी बाबांचा, बाबा गेल्यावर तुझा-माझा. हे गावाला पाठ आहे. त्यामुळे कागद आल्यापासून गाव कागदाकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघतं. त्यात मे महिन्यात तू पांढऱ्या मारुतीतून एका माणसाला घेऊन आलास, शाळेभोवती पावलं टाकून जागा मोजलीस आणि घराकडे न बघता निघून गेलास. भागूबाईने पाहिलं. भागूबाईने पाहिलं म्हणजे बांधआळीने पाहिलं.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. सरळ विचारते. शाळा उठावी म्हणून तू कुठे शब्द टाकलास का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

हेमा


बांधआळी
३० सप्टेंबर २००१

दादा,

तुझं कार्ड मिळालं. हो किंवा नाही विचारलं होतं, तू उपदेश पाठवलास. "माझा संबंध नाही. शाळा भावनेवर चालत नाहीत, आकड्यावर चालतात. तू या फंदात पडू नकोस."

बरं. मग आकडा कुठला, ते विचारायला आम्ही जिल्ह्याला जाऊन आलो. फेबियन, भागूबाई, मी आणि डबे बांधून घेतलेल्या आठ-दहा आया. सालोमीबाई आल्या नाहीत, त्यांना बदलीची भीती घातली आहे. पण आदल्या संध्याकाळी त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या, कुठल्या टेबलाला काय विचारायचं ते सगळं सांगितलं आणि उठताना म्हणाल्या, "मी तुमच्याकडे फुलं न्यायला आले होते हं." मी त्यांना फुलं दिली, म्हणजे खोटं नको व्हायला.

पहिल्या टेबलावरचा म्हणाला, वीसच्या खाली पट असेल तर शाळा हलवतात. आमचा वीसच्या वर आहे म्हटल्यावर त्याने दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं. दुसरा म्हणाला, वीस जुनं झालं, आता तीस. तिसऱ्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, पटाचा प्रश्नच नाही, अंतराचा आहे, एक किलोमीटरच्या आत दुसरी शाळा असली की ही अनावश्यक. फेबियनने पँट वर ओढली आणि आपल्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं, "मॅडम, हा रूल कुठे लिहिलाय तो दाखवा." परिपत्रक आहे म्हणाल्या. दाखवा म्हटलं तर, "ते कार्यालयीन वापरासाठी आहे."

दादा, मुलं आमची, शाळा आमची, ती कुठल्या नियमाने जाणार ते मात्र आम्ही वाचायचं नाही. तू बँकेत आहेस. एखाद्याचं खातं बंद करून, का ते सांगणार नाही, असं म्हटलंस तर तो काउंटरवर चढेल की नाही?

मग अंतराचं निघालं. त्यांनी नकाशावर पट्टी ठेवली होती. आपली शाळा इथे, पलीकडची तिथे, मधे खाडी. खाडीवरून पट्टी सरळ गेली आणि एक किलोमीटरच्या आत बसली. नाक्यावरून फिरून गेलं तर मोठ्या माणसाला तास लागतो, आणि खाडीतल्या बांधावरून जावं तर भरतीला वाट पाण्याखाली. हे तू जाणतोस. आकडेवाला आहेस, पण मुळात या बांधावरचाच आहेस.

भागूबाईने तो नकाशा हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला. मग त्या बाईंना म्हणाली, "आमची पोरा काय बगला हायत, खाडीवरना उडत जातील? तुमी एक डाव चालून दाखवा, मंग आमी पाठवतो." बाईंना हसू आलं. तिथल्या साहेबांना आलं नाही. ते म्हणाले, बघतो. भागूबाई खाली फरशीवर मांडी घालून बसली. "बघा. आमी बी बघतो." मग आम्हीही बसलो आणि डबे उघडले. सुक्या बोंबलाची चटणी होती, त्या वासानेच बहुतेक काम झालं. संध्याकाळी एक चिठ्ठी मिळाली, "आपला अर्ज विचाराधीन आहे." विचाराधीन म्हणजे अजून मेलेला नाही, असं फेबियनने एस.टी.त सगळ्यांना समजावलं.

आता तुझं ते "संबंध नाही".

परवा मारुतीवाला माझ्याकडे आला. माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन म्हणाला, "शत्रुघ्न साहेबांशी आमचं सगळं बोलणं झालंय. तुमच्यासाठी तळमजल्याचा फ्लॅट धरलाय, जिने नकोत म्हणून." मोगरा कुंडीतसुद्धा छान येतो, असंही त्याने मला सांगितलं. मी मोगऱ्यात वाढले, नवरा गेल्यावर परत येऊन त्याच मोगऱ्यावर उभी राहिले, आणि हा मला कुंडी शिकवतो.

मला फ्लॅटचा राग नाही आला. तू माझी सोय बघितलीस, ते मला एका क्षणापुरतं बरंही वाटलं. राग आला तो तू खोटं लिहिलंस त्याचा. लहानपणी तू चिंचा चोरल्यास तरी तोंडावर कबूल व्हायचास. विरारला जाऊन हे कुठून शिकलास?

वहिनीसाठी सुकेळ्यांचा डबा पाठवतेय, राजेळी केळ्यांची आहेत. ती भांडणात धरू नयेत.

हेमा


बांधआळी
भाऊबीज, १६ नोव्हेंबर २००१

दादा,

पाट मांडला होता. संध्याकाळपर्यंत मांडलेला ठेवला, मग मीच त्यावर बसून हे लिहायला घेतलं.

सुकेळ्यांचा डबा वहिनीने रिकामा परत पाठवला नाही, करंज्या घालून पाठवला. म्हणजे तुमच्या घरात कुणीतरी अजून माझं आहे. वहिनी, खुसखुशीत झाल्या होत्या.

तीन दिवाळ्या झाल्या या रुसव्याला. बाबांचे दिवस झाले आणि तू हक्कसोडीचा कागद पुढे केलास. आपल्याकडे बहिणी सही करतात, माहेर राहावं म्हणून करतात, डोळे पुसत करतात. मी केली नाही. मला माहेरी यायचं नव्हतं, मी माहेरातच राहत होते. तू तोंड फिरवलंस आणि गावाने मला लोभी म्हटलं. तुला ते ऐकू गेलं असेलच. मला रोज ऐकू येतं, विहिरीवर, देवळात, फुलांच्या वजनकाट्याशी.

आणि परवा ते चारचौघांत आलं. मारुतीच्या देवळात बैठक होती. दिवाळीची सुट्टी संपून महिना-दीड महिन्यात बाकं हलवायला माणसं येणार, असा निरोप आलाय, तर काय करायचं ते ठरवायला. मी तावातावाने बोलत होते की एकही बाक हलू द्यायचं नाही. मागून श्रीरंग उठला. आपला श्रीरंग, ज्याच्या पाटीवर तू थुंकून पुसायचास तो. म्हणाला, "हेमाताय, राग मानू नको. मोर्चात पुढं तू, आनि जागा बी तुजीच. उद्या शाला उठली का बिल्डिंग कोनाची रव्हनार? तू आमाला नाचवतंस आनि भाऊ तिकडं भाव करतंय, आसा लोका बोलतात. मी नाय बोलत, लोका बोलतात."

कुणी त्याला गप्प बस म्हटलं नाही. भागूबाईसुद्धा जमिनीकडे बघत राहिली. दादा, मला फार लागलं.  त्याचं चुकलं असतं तर मी त्याला तिथेच उभा चिरला असता. पण कुंपणच शेत खातं म्हणतात, आणि कुंपणाचा अर्धा भाग तू आहेस, हे मी कुठल्या तोंडाने नाकारू?

मी मारुतीच्या पायाशी हात ठेवून सांगितलं, जागा शाळेच्या नावावर करून देते. कायमची. उठली तरी घरची नाही. मग कुणाचा भावही नको आणि डावही नको.

बोलून बसले आणि मग हिशोब केला. त्या जागेशिवाय माझ्याकडे राहतं घर आणि मोगऱ्याचे चार वाफे आहेत. मला मूल नाही. हातपाय चालेनासे झाले की त्या जागेवर निभेल, असं मीही मनात धरलं होतं. मी काही संत नाही. पण रोज सकाळी पाढ्यांचा आवाज माझ्या वाफ्यापर्यंत येतो, त्याला उठवून त्याच्या जागी माझा तळमजला? भातसुद्धा घशाखाली उतरणार नाही.

कागदाला तुझीही सही लागते. मागते आहे. ओवाळणी समज. या तीन दिवाळ्यांची मिळून एकच घाल.

संकेतच्या इंजिनिअरिंगचं मला ठाऊक आहे. वहिनी बोलली होती मागे. मुलाला शिकवायचं म्हणून तू हे करतोस, तेही मी समजते. पण सव्वीस-सत्तावीस पोरांचं पहिलं अक्षर विकून एकाची पदवी घ्यायची, हा हिशोब मला जुळत नाही.

ये. पाट काढलेला नाही.

हेमा


बांधआळी
९ जानेवारी २००२

दादा,

सही नाही, पत्र नाही. ठीक आहे. इकडची हकिगत ऐक, तुला कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी.

सोमवारी तपासणीवाले साहेब आले, दोन माणसं आणि एक टेम्पो घेऊन. बाकं, फळा, कपाट उचलायचं आणि कुलूप लावायचं. या खेपेला आम्ही दोन्ही वाटांवर होतो. नाक्यावर फेबियन आणि बँड, मागच्या बांधावर मी, भागूबाई आणि बायका. ते बांधावरून आले. आम्ही हार घातले. साहेब म्हणाले, हे काय? भागूबाई म्हणाली, "पाव्हनं हाव तुमी. मागल्या वक्ताला चुकून तसंच गेलंव, आमाला झोप नाय लागली."

आणि पाहुण्याला गाव दाखवल्याशिवाय सोडत नाहीत, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, वेळ नाही. मी म्हटलं, "वेळ नाही लागणार साहेब, एक किलोमीटरच्या आत आहे. तुमच्याच पट्टीने." पहिलीतली दोन पोरं पुढे घातली, पाठीला दप्तरं, एकेक हात साहेबांच्या हातात दिला. पोरांचा हात झटकायला माणूस फार निबर लागतो. ते निघाले. मागे आळी, तिच्या मागे नाक्यावरून धावत आलेला बँड.

भरतीची वेळ आम्ही बघूनच ठेवली होती, उगाच साळसूदपणा कशाला करू. अर्ध्या वाटेवर खाडीतला बांध पाण्यात गेला. साहेबांनी बूट हातात घेतले. पुढे गाळ लागला, एक पाय गुडघ्यापर्यंत रुतला. पोरं दोन्ही बाजूंनी ओढताहेत, म्हणताहेत, "सर, पाय आडवा टाका, आडवा." पोरांना सवय आहे. साहेबांना नव्हती. पलीकडची शाळा समोर दिसत होती, हात लांब केला तर लागेल अशी, आणि मधे पाणी.

तिथे त्यांनी रुतलेला पाय ओढून काढला. मग बँडवाल्यांना म्हणाले, "वाजवू नका हो." वाजवणं थांबलं. मला विचारलं, "रोज यांना असं जावं लागेल?" मी म्हटलं, "हे आम्ही सप्टेंबरपासून सांगतोय." माझा आवाज चढला होता, तो मी उतरवला नाही.

माझ्याच ओट्यावर त्यांनी पाय धुतले. टेम्पो रिकामा परत गेला. बाकं हलवायला त्यांनी "तात्पुरती स्थगिती" दिली आहे. किती दिवसांची, कुठल्या कलमाने, ते त्यांनाही माहीत नाही. जाताना मात्र एक बोलले, आणि ते मी झाकून ठेवणार नाही. म्हणाले, "बाई, अंतराचं मी लिहीन. पण तुमच्या जागेचा वाद आहे ना? जिल्ह्याला एका मालकाचा अर्ज आलाय, जागा मोकळी करून द्या म्हणून. तो फाईलला पहिल्या पानावर आहे."

पहिल्या पानावर, दादा.

आणि त्याच संध्याकाळी पोस्टमनने तुझ्या वकिलाची नोटीस दिली. वाटणी हवी. भागूबाई शेजारी बसली होती, तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "रडतंस का?" मी रडत होते. तू माझ्यावर वकील घातलास म्हणून नाही. नोटिशीत तू मला "श्रीमती हेमांगी, सामनेवाली" म्हटलंयस. बाळपणी ताप आला की तू मला पाठुंगळी घेऊन याच शाळेत न्यायचास, मी घरी एकटी रडते म्हणून. मास्तर तुला ओरडायचे, तरी न्यायचास.

असो. वाटणी हवी ना? दिली. तुझ्या वकिलाला कळव, सामनेवाली तयार आहे. तारीख घ्या, मोजणी लावा, मी एका दिवसाची मुदत मागणार नाही.

हेमा


बांधआळी
२० जून २००२

दादा,

शाळा सुरू झाली. पहिलीत नवी पोरं आली, त्यातली दोन अजून रडताहेत. सालोमीबाईंची बदली झाली नाही, आणि आता त्या फुलं न्यायच्या निमित्ताशिवाय माझ्याकडे बसतात.

मोजणीच्या दिवशी तू आला नाहीस, वकील पाठवलास. तो सावलीत उभा होता, त्यामुळे त्याने तुला नीट सांगितलं नसेल. मी सांगते. मोजणीदाराने साखळी ओढली, दगड रोवले आणि मग कागदाकडे बघत डोकं खाजवत बसला. निम्मी-निम्मी जागा केली तर रेघ शाळेतून जाते. बरोबर मधल्या भिंतीतून. पहिली-दुसरीची खोली माझ्या हिश्शात आली, तिसरी-चौथीची तुझ्या. तो म्हणाला, "ताई, थोडं सरकवून घ्यायचं का?" मी म्हटलं, "नको. भावाने निम्मं मागितलंय, निम्मंच द्या."

माझा हिस्सा मी बक्षीसपत्राने ग्रामपंचायतीला देऊन टाकला, शाळेसाठी. साक्षीदार म्हणून श्रीरंग आला होता. सही करून बाहेर आल्यावर म्हणाला, "हेमाताय, लोका आता काय बी नाय बोलत." मी म्हटलं, "लोकांना सांग, त्यांनी आधी बोलून झालंय." त्याला एवढं ऐकवायचा मला हक्क होता, मी तो वापरला. घरी येऊन पोटभर रडले आणि मग वाफ्यांना पाणी लावलं. आता माझ्याकडे घर आणि मोगरा. भीती वाटते, नाही असं नाही. पण देवळात पाऊल टाकलं की बायका सरकून जागा करतात, मान वर करून बघतात, आणि रात्री झोप लागते.

आता गंमत ऐक. तालुक्याचं ऑफिस पुरतं गोंधळलंय. अर्धी शाळा स्वतःच्या जागेत, अर्धी परक्याच्या. पट मोजायचा तो चार वर्गांचा की दोन वर्गांचा? अंतर मोजायचं ते कुठल्या खोलीपासून? फेबियनने लेखी विचारलंय आणि उत्तराची प्रत मागितली आहे. टेबलाटेबलांवर फिरून फाईल वर गेली, "मार्गदर्शन मागवले आहे" असा शेरा मारून. वरच्यांनाही कुठे माहीत आहे? जो नियम आम्हाला कुणी दाखवला नाही, तो आता त्यांना सापडत नाही. सापडेपर्यंत पोरांचे चार वर्ग होऊन जातील.

राहिला तुझा अर्ज. त्याबद्दल मात्र साहेबांनी स्पष्ट सांगितलं. पटाचं बघू, अंतराचं बघू, पण मालक आपली खोली मागत असेल तर ती खाली करून द्यावी लागेल. तिसरी-चौथी मग कुठे बसवायची, तर म्हणाले, पडवीत. पडवीत किती दिवस बसतील? मोठ्या वर्गांची पोरं गेली की धाकटी एकटी राहत नाहीत, भावंडाच्या बोटाला धरून तीही जातात, आणि शाळा आपोआप उठते.

म्हणजे एवढे महिने ज्याच्याशी भांडले तो कागद आता मधे नाही, साहेब नाहीत, पट्टी नाही. शाळा राहते की जाते ते एकट्या तुझ्या हातात आहे. मला वाटलं, हे तुला वकिलाकडून न कळता माझ्याकडून कळावं.

मी पाया पडणार नाही. ओवाळणी मागून झाली, ती तू दिली नाहीस, आता पुन्हा पदर पसरणार नाही. आणि अडवणारही नाही. बांधावर कुणी उभं राहणार नाही, हार नाहीत, बँड नाही. फेबियनला मी तशी शपथ घातली आहे, आणि भागूबाईलाही, तिला घालायला जास्त वेळ लागला. तुझी खोली आहे, खुशाल घे.

एकच अट. वकील पाठवायचा नाही आणि मारुतीवालाही नाही. तू स्वतः यायचं, साडेदहा ते पाचमध्ये, पोरं बसलेली असताना. दार उघडंच असतं. आत जायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं, उठा, ही माझी जागा आहे. ते तू सांगितलंस तर मी स्वतः एकेकाचं दप्तर उचलून बाहेर आणून ठेवीन. तुझ्या बहिणीचा शब्द आहे, आणि तो कधी फिरत नाही, हे तुला हक्कसोडीच्या वेळेपासून माहीत आहे.

पोरांना मी खरं ते सांगून ठेवलंय, की या खोलीचे मालक कुठल्याही दिवशी येतील. कुणी घाबरलं नाही. तिसरीतल्या एकाने हात वर करून विचारलं, "ते आमाला काय शिकवनार?"

मी म्हटलं, ते आले की त्यांनाच विचार.

हेमा